गॉटहार्ड: बोगद्याने जावे की वरच्या घाटाने?

प्रश्न: जुलैमध्ये झ्युरिकहून लुगानोला भाड्याच्या गाडीने जाणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि सहा वर्षांची मुलगी आहे. आठवड्याभराने त्याच बाजूने परत यायचे आहे. नकाशा गॉटहार्डच्या बोगद्यातून नेतो, पण वरून जुना घाटही आहे असे ऐकले. पुण्यात राहतो, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी चालवलेले आहेत. हा घाट झेपेल का? वेळ काढून थांबावे असे तिथे काही आहे का?

उत्तर:

घाटानेच जा. जुलै महिना, दिवसाउजेडी आणि हवा बरी असेल तर बोगदा घेण्याचे मला एकही कारण दिसत नाही. ज्याने पावसाळ्यात आंबेनळी उतरला आहे त्याला हा रस्ता जड जाणार नाही. मुख्य घाटरस्ता दोन पदरी आहे, कठडे शाबूत आहेत, खड्डे नाहीत आणि समोरून येणारा माणूस आपली बाजू सोडत नाही. जपायचे ते दोन ठिकाणी: उजव्या बाजूने गाडी चालवण्याची नवी सवय आणि लांब उतारावरचे ब्रेक. त्याबद्दल पुढे सांगतोच.

मी रस्ते आणि बोगद्यांच्या कामातला माणूस आहे. आधी सह्याद्रीत काम केले, मग बरीच वर्षे स्वित्झर्लंडमध्ये. भारतातून आलेल्या पाहुण्यांना या घाटाने नेतो तेव्हा निघण्याआधीच सांगतो की इथे हिमशिखरे बघायची अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी युंगफ्राउ आहे, मॅटरहॉर्न आहे. गॉटहार्डच्या माथ्यावर उघडाबोडका कातळ, लहान लहान तळी आणि गार वारा एवढेच दिसते. इथे पाहायचा तो रस्ता. डोंगर ओलांडायची एकच अडचण, आणि तिच्यावर आठशे वर्षांत माणसांनी काढलेली उत्तरे इथे एकमेकांशेजारी, एकमेकांच्या वर-खाली उभी आहेत. काहींचे नुसते पाये उरलेत, काही अजून वापरात आहेत. एवढ्या थोड्या अंतरात हे सगळे दाखवणारी दुसरी जागा आल्प्समध्ये मला माहीत नाही. बोगद्यातून गेलात तर त्यातले एकच उत्तर वाट्याला येते, तेही तेरा-चौदा मिनिटे दिव्यांच्या रांगेखालून.

आता अडचण काय होती ते पाहू. मध्य आल्प्समध्ये उत्तरेकडून इटलीकडे जायचे तर बहुतेक वाटांवर एक डोंगररांग चढून उतरावी लागते आणि मग पुन्हा दुसरी. गॉटहार्डला मात्र उत्तरेकडून रॉइस नदीचे खोरे वर येते, दक्षिणेकडून तिचिनो नदीचे, आणि मध्ये एकच खिंड, सुमारे 2,100 मीटर उंचीची. एकदा चढा, एकदा उतरा, पलीकडे पोहोचलात. इतकी सोयीची वाट असूनही रोमन लोकांनी तिचा महामार्ग केला नाही, कारण खिंडीच्या खाली, उत्तरेच्या अंगाला, शोलेनेन नावाची घळ आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे आणि मधून कोसळत जाणारी रॉइस. खिंड उघडी, पण खिंडीपर्यंतची वाट बंद. तुमच्या प्रवासातल्या सगळ्यात मोलाच्या थांब्याचा मान मी याच घळीला देईन, माथ्याला नाही.

म्हणून झ्युरिकहून निघाल्यावर ल्युसर्नच्या सरोवराचे टोक मागे पडले की आम्स्टेगजवळ महामार्ग सोडा आणि जुन्या रस्त्याने वर चला. वाटेत वासेन गाव लागेल. त्याचे छोटे पांढरे चर्च 1882 च्या रेल्वेमार्गावरून तीन वेळा, तीन वेगवेगळ्या उंचींवर दिसते, कारण गाडीला चढ झेपावा म्हणून रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरवून वर काढले आहेत. गाडी बाजूला लावून हे रूळ डोंगरात कुठे शिरतात आणि कुठे बाहेर येतात ते शोधा. मुलीला गंमत वाटेल आणि तुमच्या वडिलांना तिच्याहून जास्त.

पुढे गोशेनेन. महामार्ग इथे बोगद्यात शिरतो. इथून आंडरमाटपर्यंतच्या जेमतेम पाच-सहा किलोमीटरमध्ये शोलेनेनची घळ आहे. 1220 ते 1230 च्या सुमारास कोणीतरी हिंमत करून नदीवर पूल टाकला आणि पुढे जिथे कडा थेट पाण्यात उतरतो तिथे कातळाच्या अंगाला लाकडी फळ्यांची पायवाट अडकवली. खाली पाणी उसळतेय, वरून तुषार उडताहेत, आणि खेचरांचे तांडे ओझ्यासकट त्या फळ्यांवरून चालले आहेत. जवळजवळ पाचशे वर्षे ही वाट याच पद्धतीने चालू होती. फळ्या सडल्या, पुरात गेल्या की गावकरी पुन्हा बसवत. उत्तरेकडून गुरे आणि चीज जायचे, दक्षिणेकडून तांदूळ, धान्य, वाइन यायची. ही वाट उघडताच खालच्या ऊरी खोऱ्याला भाव आला. 1231 मध्ये ऊरीला जर्मन राजाकडून थेट सम्राटाच्या छत्राखाली राहण्याची सनद मिळाली, आणि 1291 मध्ये ज्या तीन खोऱ्यांनी एकत्र येऊन स्वित्झर्लंडचा पाया घातला असे स्विस लोक मानतात त्यांत ऊरी आहे. एका पुलामुळे देश घडला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल, पण त्या पुलाशिवाय हे खोरे आडबाजूलाच राहिले असते.

असा पूल माणसाने बांधला असेल यावर लोकांचा विश्वास बसेना. म्हणून त्याचे नाव पडले सैतानाचा पूल. गोष्ट अशी सांगतात: सैतानाने पूल बांधून द्यायचे कबूल केले, बदल्यात पुलावरून जो पहिला जाईल त्याचा जीव माझा. ऊरीच्या लोकांनी पहिल्यांदा बोकड पुढे सोडला. सैतान चिडला, पूल फोडायला मोठी शिळा घेऊन निघाला. वाटेत भेटलेल्या एका म्हातारीने त्या शिळेवर क्रूस कोरला आणि त्याला ती उचलता येईना. ती शिळा गोशेनेनला आजही आहे. वजन सुमारे 220 टन. 1970 च्या दशकात महामार्गाच्या आड आली तेव्हा ती फोडून टाकणे सोपे होते; लोकांनी ऐकले नाही, आणि ती 127 मीटर सरकवून जपली गेली. रस्त्याच्या कामात लोकांच्या श्रद्धेची अशी कदर झालेली पाहिली की बरे वाटते. घळीतल्या कड्यावर लाल सैतान आणि बोकडाचे एक चित्रही रंगवलेले आहे, हाइनरिश डानिओट या चित्रकाराने 1950 मध्ये काढलेले. मुलीला आधी गोष्ट सांगा, मग चित्र शोधायला लावा.

पुलाजवळ गाड्यांना जागा थोडी आहे. आंडरमाटमध्ये गाडी लावून चालत परत या, साधारण अर्धा तास लागतो. पुलावर उभे राहिले की एका नजरेत तीन काळ दिसतात. खाली 1595 च्या दगडी पुलाचे पाये आहेत. तो 1888 मध्ये कोसळला. त्याच्या वरचा एका कमानीचा पूल 1830 चा, आता फक्त चालणाऱ्यांसाठी. त्याच्याही वर 1958 चा, ज्याच्यावरून तुमची गाडी जाईल. बाजूने 1917 पासून दात्यांच्या रुळांची छोटी रेल्वे गोशेनेनहून आंडरमाटला चढते. पुलांच्या कमानी कशा रुंदावत गेल्या, पाये पाण्यापासून कसे वर सरकत गेले, ते वडिलांबरोबर निवांत बघा. प्रत्येक पिढीने आधीच्या पुरातून काय शिकले ते त्या उंचीत लिहिलेले आहे.

पुलापासून थोडे वर, आंडरमाटकडे, रस्ता एका लहानशा बोगद्यातून जातो. अनेक गाड्या तिथून न थांबता निघून जातात, आणि मला त्याची हळहळ वाटते. हा ऊर्नरलोख. 1707-08 मध्ये पिएत्रो मोरेत्तिनी या किल्ले बांधणाऱ्या अभियंत्याने सुरुंगाच्या दारूने कातळ फोडून तो काढला, लांबी जेमतेम 64 मीटर. पण आल्प्समध्ये रस्त्यासाठी खोदलेला हा पहिला बोगदा, आणि त्याने ती टांगती फळ्यांची वाट कायमची बंद केली. पाचशे वर्षे कड्याच्या बाहेरून जाणारा माणूस त्या वर्षी पहिल्यांदा कड्याच्या आतून गेला. याच डोंगररांगेखालून जाणारा 57 किलोमीटरचा नवा रेल्वे बोगदा याच विचाराचा वंशज आहे. पुढे गाड्यांसाठी ऊर्नरलोख रुंद केला गेला, त्यामुळे मूळ आकार उरलेला नाही, तरी तिथून जाताना काच खाली करा.

घळीच्या कातळात बारा मीटर उंचीचा एक क्रूस कोरलेला दिसेल, रशियन अक्षरांसह. सप्टेंबर 1799 मध्ये सेनापती सुवोरोव्हचे रशियन सैन्य दक्षिणेकडून खिंड ओलांडून आले आणि फ्रेंचांशी लढत या घळीतून उतरले. त्यात पडलेल्या सैनिकांचे हे स्मारक, 1898 चे.

घळ संपते आणि एकदम सपाट हिरवे खोरे उघडते. आंडरमाट सुमारे 1,440 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटच्या उंचीवर. इथे स्वच्छतागृह, पेट्रोल, खाणे सगळे उरकून घ्या. पुढच्या होस्पेंटालमध्ये तेराव्या शतकातला बुरूज आहे, आणि एका लहान चॅपेलवर वाटसरूला विचारणाऱ्या जर्मन ओळी आहेत: मित्रा, इथे वाट फुटते, तू कुठे निघालास? खाली रोमला, की कोलोनला, ऱ्हाइनकडे, की पश्चिमेला फ्रान्सच्या मुलखात? हा काव्यविलास नाही. खरोखरच इथून एक रस्ता फुर्का खिंडीवरून पश्चिमेला ऱ्होनच्या खोऱ्यात जातो, आंडरमाटहून दुसरा ओबेराल्पवरून पूर्वेला ऱ्हाइनच्या उगमाकडे, आणि तुमचा दक्षिणेला. रॉइस आरे नदीतून ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्रात जाते, तिचिनो पो नदीला मिळून एड्रियाटिकमध्ये, ऱ्होन भूमध्य समुद्रात. हे सगळे उगम एकमेकांपासून इतके जवळ आहेत की चारही जोडणारी 85 किलोमीटरची पायवाट लोक पाच दिवसांत चालून पूर्ण करतात. सह्याद्रीच्या धारेवर उभे राहून एका बाजूचे पाणी कोकणात आणि दुसऱ्या बाजूचे बंगालच्या उपसागरात जाते हे ज्याने अनुभवले आहे त्याला या माथ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

होस्पेंटालपासून माथ्यापर्यंतचा चढ सौम्य आहे. वाटेतच ऊरी हे राज्य (कॅन्टन) संपते आणि नदीच्याच नावाचे तिचिनो राज्य सुरू होते. पाट्या जर्मनमधून इटालियनमध्ये बदलतात. माथा तिचिनोच्या ऐरोलो गावाच्या हद्दीत येतो. उंची कळसूबाईपेक्षा साडेचारशे मीटरने जास्त. विरळ हवेचा त्रास निरोगी माणसाला इथे सहसा होत नाही, पण आई-वडिलांपैकी कोणाला हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. थंडीचे मात्र हलक्यात घेऊ नका. लुगानोत घाम येत असतो त्याच दुपारी इथे स्वेटर आणि कानटोपी लागते. सगळ्यांचे गरम कपडे डिकीत खोल न ठेवता हाताशी ठेवा.

माथ्यावर जुनी धर्मशाळा आहे. मध्ययुगापासून वाटसरूंना निवारा देणारी ही जागा. हिल्डेसहाइमचे बिशप संत गोडेहार्ड यांच्या नावाने इथे चॅपेल बांधले गेले आणि खिंडीला तेच नाव लागले. शेजारच्या जुन्या इमारतीत 1986 पासून खिंडीच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. लहान आहे, पण तासभर द्यावा असे. कातळाच्या आत दुसऱ्या महायुद्धातला एक किल्लाही आता लोकांना पाहता येतो. जर्मनी आणि इटली यांच्यामध्ये अडकलेल्या स्वित्झर्लंडने तेव्हा आल्प्स पोखरून आत तोफा बसवल्या होत्या. आत गारठा आणि चाल दोन्ही आहे, आई-वडिलांना नको असेल तर सोडून द्या. जवळच्या पाच पवनचक्क्या 2020 पासून चालू आहेत.

आता उतार, आणि इथे माझा सल्ला नेहमीच्या सल्ल्यापेक्षा वेगळा आहे. सगळे सांगतील की जुन्या ट्रेमोला रस्त्याने खाली उतरा. मी म्हणतो, जाताना नव्या रस्त्याने उतरा आणि परत येताना ट्रेमोला चढा. पहिले कारण तुमच्या गाडीचे. ट्रेमोला ही दगडी फरसबंदी आहे, अरुंद आहे, आणि उजव्या बाजूने चालवायची सवय जाताना अजून कच्ची असेल. चढताना गाडी जास्त ताब्यात असते आणि अरुंद जागी प्राधान्य चढणाऱ्याला असते. उतरणाऱ्याने थांबायचे, वेळ पडली तर मागे घ्यायचे. आपल्या घाटातलाच नियम, फक्त इथे तो पाळला जातो. दुसरे कारण माझ्या मते मोठे आहे: ट्रेमोलाचे बांधकाम खालूनच दिसते. वरून नुसती वळणे दिसतात. ती वळणे ज्या भिंतींवर उभी आहेत त्या पाहायला खाली उभे राहावे लागते.

नवा रस्ता 1970 च्या दशकात पुरा झाला. रुंद आहे, काही भाग दरडी आणि हिमलोटांपासून वाचवण्यासाठी छताखालून जातो, वळणे मोठी आहेत. तरीही माथ्यापासून ऐरोलोपर्यंत सुमारे 930 मीटर उतरायचे आहे. पाच माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन 1,800 किलो समजा. एवढी गाडी एवढी खाली येते तेव्हा साडेचार युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकमध्ये जिरवली तर ब्रेक तापतात, वास येतो, आणि मग पायाला पेडल मऊ लागते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. भाड्याची गाडी बहुधा ऑटोमॅटिक मिळेल. गिअरचा दांडा मॅन्युअलवर घेऊन किंवा स्टिअरिंगमागच्या पट्टीने दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवा. हायब्रिडमध्ये बी खूण असते, तीच वापरा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर उतारावर काही चार्ज परत मिळेल, पण माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती घेणार नाही, हे लक्षात ठेवा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय असेल तर ती पुण्यातच ठेवून या.

हेअरपिन वळणांवर आपल्या सवयीच्या उलट होते. भारतात डावे वळण आतले आणि आवळ, इथे उजवे. उजव्या हेअरपिनला वेग वळणाच्या आधीच उतरवा, गाडीच्या नाकाकडे न बघता वळण जिथे सुटते तिकडे बघा, आणि कोपरा कापायचा मोह टाळा, कारण समोरून मोटारसायकलवाल्यांचे थवे येत असतात. मागे गाड्या साचल्या तर थांब्यावर बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या. सायकलवाल्याला भरपूर जागा सोडा. पिवळी पोस्टबस दिसली तर तिच्या चालकाचे ऐका. निळ्या पाटीवर पिवळे शिंग काढलेल्या डोंगरी रस्त्यांवर तिला मान आहे आणि अडचणीच्या जागी तिचा चालक सांगेल तसे थांबायचे किंवा मागे घ्यायचे. तिचा तीन सुरांचा भोंगा रॉसिनीच्या विल्यम टेल ऑपेराच्या प्रारंभ-संगीतातून घेतलेला आहे. आंधळ्या वळणाआधी तो ऐकू आला की जिथे रुंदी आहे तिथेच थांबा.

ऐरोलोला उतरलात की रेल्वे स्थानकाजवळ एक ब्राँझचे शिल्प आहे. विन्चेन्झो वेला या शिल्पकाराची ती रचना. बोगद्याच्या कामात मेलेल्या मजुराला साथीदार वाहून नेत आहेत. इथे पाच मिनिटे उभे राहावे अशी माझी मनापासून विनंती आहे. 1872 ते 1882 या काळात गोशेनेन ते ऐरोलो हा 15 किलोमीटरचा रेल्वे बोगदा खणला गेला. मजूर बहुतेक इटालियन. आत तीस अंशांच्या वर उष्णता, दमट हवा, सुरुंगांचा धूर. सुमारे दोनशे माणसे अपघातांत गेली. 1875 मध्ये गोशेनेनला मजुरांनी संप केला तेव्हा गोळीबार झाला आणि चार जण मेले. बोगद्यातल्या घाणीतून अंकुश कृमींची लागण पसरली. रक्त कमी होऊन माणसे पांढरीफटक पडत. या कृमींशी त्या आजाराचा संबंध तुरिनच्या एदोआर्दो पेरोनचितो यांनी 1880 मध्ये याच मजुरांच्या तपासणीतून दाखवला. कंत्राटदार लुई फाव्र स्वतः 1879 मध्ये बोगद्याच्या आत फेरी मारताना कोसळून मेले. पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही बाजूंचे भोक मिळाले तेव्हा पहिल्या फटीतून त्यांचे छायाचित्र पलीकडे पाठवले गेले. बोरघाटाच्या रेल्वेकामात मेलेल्या हजारो मजुरांची आठवण मला इथे दर वेळी होते.

मोटारींचा बोगदा 5 सप्टेंबर 1980 ला उघडला, लांबी 16.9 किलोमीटर, एकच नळी आणि समोरासमोरची वाहतूक. 24 ऑक्टोबर 2001 ला दोन ट्रक धडकून आग लागली आणि 11 माणसे गेली. शेजारून समांतर बचाव-बोगदा होता म्हणून पुष्कळ जण वाचले. आता दुसरी नळी खोदली जात आहे. पण 1994 मध्ये लोकांनी मतदानाने आल्प्समधल्या आरपार रस्त्यांची क्षमता वाढवायची नाही असे राज्यघटनेतच घातले आहे, त्यामुळे दोन नळ्या झाल्यावरही प्रत्येकीत एकच पदर चालेल. हवा बिघडल्याने तुम्हाला बोगदाच घ्यावा लागला तर घाबरू नका. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, रेडिओ चालू ठेवा, आणि धूर दिसला तर सामानाचा विचार न करता गाडी सोडून जवळच्या हिरव्या दिव्याच्या दारातून आत जा. बोगद्याला वेगळा टोल नाही. महामार्गासाठी वर्षाला 40 फ्रँकचे विन्येट, म्हणजे वार्षिक पास, लागते आणि ते स्विस भाड्याच्या गाडीला असतेच. घाटाला काहीच लागत नाही.

परतीच्या दिवशी लुगानोहून लवकर निघा आणि ऐरोलोहून ट्रेमोलाच्या पाट्या धरा. हा रस्ता फ्रांचेस्को मेस्किनी यांच्या आखणीनुसार 1827 ते 1832 मध्ये बांधला गेला. वरच्या भागात 24 हेअरपिन, सुमारे चार किलोमीटरमध्ये 300 मीटर चढ. म्हणजे सरासरी साडेसात टक्के. घोड्यांना जड डबा न थांबता ओढता यावा असा. आजच्या यंत्राने हा डोंगर कसाही फोडता आला असता. तेव्हा घोड्याचा दम हेच माप होते, म्हणून इतकी वळणे. भिंतींचे दगड जवळून पाहा. प्रत्येक वळण खालच्या वळणाच्या डोक्यावर उभे आहे, खालची भिंत ढासळली तर वरचे दोन मजले येतील, आणि तरी हिवाळ्यामागून हिवाळे ती उभी आहे. फरसबंदीचेही कारण आहे: बर्फ गोठून-वितळून जमीन फुगते तेव्हा डांबर फुटते, घडीव दगड उचलून, खालची माती नीट करून पुन्हा बसवता येतो. गाडी थरथरेल. ताशी वीस-तीस पुरे. रस्ता ओला असेल तर ट्रेमोला सोडून द्या आणि नव्या रस्त्याने चढा. ओला गुळगुळीत ग्रॅनाइट कोणाचीच भीड ठेवत नाही.

1842 पासून याच वळणांवरून रोज टपालाची घोडागाडी जात असे. झ्युरिकला आहात तर कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयात रुडोल्फ कोलरचे 1873 चे चित्र आधी पाहून घ्या: पाच घोड्यांची टपालगाडी उतारावरून सुसाट येते आहे आणि तिच्यापुढे एक वासरू जिवाच्या आकांताने पळते आहे. ते चित्र आल्फ्रेड एशर यांना भेट म्हणून काढून घेतले होते, आणि हे एशर म्हणजे गॉटहार्ड रेल्वेचे मुख्य पुरस्कर्ते, ज्यांच्या रेल्वेने 1882 मध्ये ती टपालगाडी बंद पाडली. चित्र पाहून ट्रेमोलावर आलात तर वळणे ओळखीची वाटतील.

हवेबद्दल. इथे दोन्ही उतारांचे हवामान वेगळे असते. दक्षिणेचा वारा जोरात असला की ढग तिचिनोच्या बाजूला अडून तिथे पाऊस पडतो आणि उत्तरेला रॉइसच्या खोऱ्यात कोरडा, गरम, जोरदार वारा सुटतो. त्याला फॉन म्हणतात. म्हणून आंडरमाटला ऊन आहे यावरून पलीकडचा अंदाज बांधू नका, दोन्ही बाजूंचे कॅमेरे पाहा. खिंड उघडी आहे का ते टीसीएस या वाहनचालक संस्थेच्या संकेतस्थळावर कळते, आणि रस्त्यावरच्या पाटीवर हिरवा किंवा लाल रंग असतो. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत, ती बंदच असते. जुलैत दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा माथा जेवणाच्या वेळेआधी गाठा. वार निवडता आला तर मंगळवार किंवा बुधवार. शनिवारी बोगद्यापुढे कित्येक किलोमीटरची रांग लागते आणि वैतागलेली माणसे घाटात शिरतात. फार कोंडी असेल तर पूर्वेकडून सान बर्नार्दिनोचा रस्ता आहे, लांब पण बहुधा मोकळा. आणि विमानातून उतरल्याच्या दिवशी हा प्रवास अजिबात करू नका, बोगद्यानेही नाही.

मुलीसाठी गाडी आरक्षित करतानाच बाल-आसन मागा. 12 वर्षे किंवा 150 सेंटिमीटरपर्यंत ते बंधनकारक आहे. परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. शाकाहारी असाल तर उत्तरेला बटाटा, मॅकरोनी आणि चीजचा एक पदार्थ सगळीकडे मिळतो, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, विचारून घ्या. दक्षिणेला पोलेंटा आणि रिसोट्टो मिळतात, त्यांच्या रश्शाबद्दलही विचारा.

आईला घाट लागत असेल तर त्यांना जबरदस्तीने वळणांतून नेऊ नका. शोलेनेनची घळ सगळ्यांनी मिळून पाहा, मग आई-वडिलांना गोशेनेनच्या स्थानकावर त्रेनो गोत्तार्दो या गाडीत बसवा. ती 1882 च्या त्याच जुन्या बोगद्यातून दहाएक मिनिटांत ऐरोलोला पोहोचते आणि जागा राखून ठेवावी लागत नाही. ऐरोलोच्या स्थानकाजवळ चहा-कॉफीची सोय आहे. तुम्ही आणि मुलगी वरून या, माथ्यावर घाई करू नका, आणि खाली त्यांना स्थानकावरून घ्या.